पुढच्या खोलीतला कापूस

मासळीचा वास महामायाला सकाळी चहा टाकतानाच आला. घरात मासळी शिजून तर कितीक दिवस झाले होते. तिनं मोरी पाहिली, खरकटं पाहिलं, ओट्याखाली वाकून पाहिलं. काहीच नव्हतं. मग कुठलंही कोडं पडलं की ती करायची तेच केलं. भिंतीला टेकली आणि फोन उघडला.

फोनला तिच्या सवयी पाठ झाल्या होत्या. लेक मितू झाल्यापासून ती जे वाचत आली होती, त्याचीच भावंडं तो रोज सकाळी पुढ्यात आणून टाकायचा. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या फोनचं काय होतं. फ्रिजमधली मळलेली कणीक केव्हा खराब होते. गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली समुद्र असावा असं शास्त्रज्ञांना का वाटतं. दोन वर्षांचं लेकरू बोलत नसेल तर. माणसासारखं लिहिणारी यंत्रं नोकऱ्या खातील का. चहाची गाळणी स्वच्छ कशी करावी. ती सगळं वाचायची. मेहकरच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन ती जानेफळच्या या घरात आली होती, आणि शिकलेलं डोकं चालवायला आता एवढीच काय ती जागा उरली होती.

खाली सरकता सरकता बोट थांबलं. घरातले वास काय सांगतात. सिलेंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, तो मुद्दाम मिसळतात, हे तिला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. मासळीसारखा वास येत असेल तर आधी वायरिंग पाहा, बोर्डातलं प्लॅस्टिक तापलं की असा वास सुटतो.

तिनं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

मधल्या खोलीत टीव्हीवर कापसाचे भाव ऐकत बसलेले तिचे सासरे, जानराव, अंधारात तसेच बसून राहिले. "काऊन बंद केली लाईन?"

"वास येऊन राह्यला बाबा. बोर्ड जळत असन."

जानराव उठले. एकेका बोर्डावर तळहात ठेवत सगळं घर फिरून आले. "थंडगार हाय. पाह्य हात लावून. मांगच्या हप्त्यात सिलेंडर फुटून राह्यला होता, त्याच्या आंधी खेळण्याच्या रंगातलं शिसं पोट्टीच्या पोटात गेलतं. आज बोर्ड." मग खाटेकडे वळून, "जनका, तुह्या सुनेच्या फोनात रोज एक नवी मौत निंगते."

एरवी जनकाबाई यावर खो खो हसायच्या आणि वर स्वतःचं एखादं जोडायच्या. आज त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. गुडघ्यांमुळे त्यांचं उठणं-बसणं दुसऱ्याच्या हातात होतं. पाऊस पडला की दुखणं वाढे, आणि अवकाळी तर दोन दिवसांपासून लागलाच होता.

त्या पावसाच्या धास्तीनं घराच्या खिडक्या प्लॅस्टिक ठोकून बंद केल्या होत्या. कारण पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. गावात घरोघर हीच तऱ्हा होती. भाव पडले म्हणून कुणी विकला नव्हता, आज चढतील, उद्या चढतील करत मार्च उजाडला होता. पाहुण्याला बाहेरच्या ओट्यावर बसवायचे आणि माणसं उरलेल्या जागेत अंग चोरून राहायची. महामाया आणि तिचा नवरा रवी स्वयंपाकघरात निजत. मितू आजीजवळ, मधल्या खोलीत खाली गोधडीवर. मधल्या दारातून कापूस इतका अलीकडे ढासळला होता की दार लावायची सोयच नव्हती.

बीटीचं वाण नवं होतं तेव्हा जानराव येणाऱ्या-जाणाऱ्याला बोंड फोडून दाखवत, पाहा, अळी आहे का कुठं. आता बोंडात गुलाबी अळी होती, वेचलेल्या कापसात बारीक किडे होते, आणि कापसाशेजारी निजणाऱ्या माणसांच्या अंगावर खाजणाऱ्या लाल गांधी. मितूची मान आणि कोपराच्या खोबणी खाजवून खाजवून सोलल्या होत्या.

दिवस वर येता येता मितूनं उलटी केली.

महामायानं आधी स्वतःलाच दोष दिला. सकाळी मेन स्विच पाडला, तेव्हाचा फ्रिज बंद होता. तिनं फोनवर दुधाचं वाचलं आणि पातेलं घेऊन मागच्या अंगणात गेली. दूध ओतलं. तिथं उभी असताना तिच्या लक्षात आलं की सकाळपासून कपाळात ठणकत होतं ते थांबलंय. आत आली, मितूचे कपडे बदलले, आणि ठणका पुन्हा सुरू झाला.

मितूनं दुसरी उलटी केली ती नुसत्या पाण्याची. त्यानंतर ती रडली नाही, हेच महामायाला खुपलं. एरवी केसाला फणी लागली तरी आळी गोळा करणारी पोर खांद्यावर मान टाकून पडली होती. कातडीला चिमटा घेऊन पाहिला, जीभ पाहिली, हाक मारली. डोळे उघडले, मिटले.

"ऊन लागलं असन," जानराव म्हणाले.

"पाऊस पडून राह्यला बाबा. ऊन कुठी हाय?"

तिनं मितूला कडेवर घेऊन घरभर नजर फिरवली. सकाळी ती वास शोधत वर पाहत होती, बोर्डाकडे, वायरींकडे. आता खाली पाहिलं. मधल्या दाराच्या उंबऱ्यावर, कापसाच्या कडेला, एक पाल उताणी पडली होती. तिच्याजवळ दोन झुरळं. मुंग्यांची रांग जागच्या जागी वाळून काळी रेघ झालेली.

"बाबा, कापसात काई टाकलं का तुमी?"

जानरावांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. कधीपासून सांगायचं होतं जणू. "टाकलं. काल सांजी, तू पाण्याले गेली होती तवा. गव्हात टाकतो त्याच गोळ्या. फडक्यात बांधून चारी कोपऱ्यांत दाबल्या, अन् मधात बी. खाजीचे किडे मरतीन. तुले सांगतलं असतं तं तू फोन काढून बसली असती. लेकराच्या अंगाची खाज पाह्यवत नव्हती मले."

तिनं फोन काढलाच. पावसात नेटवर्क रडत होतं, पांढरं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग एकदम सगळं आलं. हवेतल्या ओलाव्यानं त्या गोळीतून वायू सुटतो. वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा. तो जमिनीलगत साचू शकतो. माणसं राहतात त्या घरात वापरू नये. डोकेदुखी, उलटी, सुस्ती, आणि मग काळीज. उतारा नाही. पाणी टाकू नका. आधी बाहेर निघा.

जमिनीलगत. रात्रभर मितू कुठं निजली होती, ते तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"बाबा, घराबाहेर चला. विषारी हवा हाय ती. आईले उचला, आताच."

"दरसाल टाकतो आपण गव्हात. मेलं का कोणी?"

"गहू कोठीत राह्यते, झाकण लावून, मांगच्या छपरीत. हा कापूस उघडा हाय. आपण त्याच्या बगलेत निजून राह्यलो."

"सकाळी बोर्ड. मंग दूध सांडलं. आता गोळ्या." जानराव खुर्चीत आणखी रुतून बसले. "लोकं काय म्हनतीन, जानरावाचं घर फोनवर चालते. बस झालं, महामाया."

ती मितूला घेऊन एकटी निघू शकत होती. दार चार पावलांवर होतं. पण खाटेवर सासू होती, त्यांना उचलायला दोन माणसं लागत, आणि घरात दुसरं माणूस हेच. रवी मेहकरला गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. समजावत बसायला वेळ नव्हता आणि तिच्या समजावण्याला या घरात किंमत नव्हती. ती किंमत तिनंच रोज थोडी थोडी खर्चून टाकली होती.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "हालू नका. कापसात साप हाय."

"कुठी?"

"खाटेच्या अंगाले गेला. मोठा हाय."

जानराव उठले. ना काही विचारलं, ना कशावर तळहात ठेवून पाहिला. खाटेची एक बाजू त्यांनी धरली, मितूला पोटाशी बांधून दुसरी तिनं, आणि खाट जनकाबाईंसकट स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात, गोठ्याच्या छपराखाली आली. एवढ्या वर्षांत सासरा आणि सून यांनी इतक्या एकमतानं कुठलंच काम केलं नव्हतं.

पण साप म्हटल्यावर गाव थांबतं का. जानरावांच्या ओरडण्यानं शेजारचे पंजाबराव काठी घेऊन आले, त्यांच्यामागे आणखी दोघं. धोतर खोचत पंजाबराव म्हणाले, "कोणत्या अंगाले हाय? कापूस उपसावा लागन. चला रे, समोरून घुसू."

साप महामायानं माणसं बाहेर काढायला सोडला होता, आणि आता तोच माणसं आत नेत होता. ती घराला वळसा घालून धावली. पंजाबराव पुढच्या दारात पोचले होते, प्लॅस्टिक फाडून कापसात हात घालायच्या बेतात.

ती दारात आडवी झाली. "काका, आत जाऊ नका. साप नाई."

"नाई? मंग निंगून गेला का?"

"नव्हताच. मी खोटं बोलली. बाबाईनं कापसात गोळ्या टाकल्या, गव्हाच्या. हवा विषारी झाली. आईले बाहेर काढाचं होतं म्हणून साप सांगतला."

तोवर जानरावही तिच्या मागोमाग येऊन पोचले होते. मागचा एक जण फिसकन हसला. "भाऊ, सुनेनं तुम्हालेच गारुडी केलं."

जानरावांचा चेहरा पाहून महामायाला वाटलं, यांनी आता आपल्याला मारलं तरी चालेल, पण आत जाऊ नये. ते आतच निघाले. "मी बसतो त्या खोलीत. घंटाभर बसतो. पाहू दे सगळ्याईले, काय होते मले."

तिनं त्यांचं मनगट धरलं. सासऱ्याच्या अंगाला तिचा हात याआधी कधी लागला नव्हता, पाया पडतानासुद्धा ती अंतर राखून वाके. जानराव झटकू पाहत होते आणि ती सोडत नव्हती, पोटाशी बांधलेली मितू दोघांच्या मध्ये लोंबत होती, निर्जीव बाहुलीसारखी, आणि एवढ्या ओढाताणीतही तिनं हूं की चूं केलं नाही.

गोठ्याकडून ओकारीचा आवाज आला. घराच्या बाजूच्या बोळातून छपराखालची खाट दिसत होती; जनकाबाई तिच्यावरून बाजूला वाकल्या होत्या. पुन्हा वाकल्या. मग तोंड पदरानं पुसत, धापा टाकत, जोर लावून म्हणाल्या, "जाऊ नका आत. पहाटपासून मले मळमळून राह्यलं. छाती दाबल्यावानी होते. बोलली नाई मी. म्हटलं, बोललं तं महामाया आणखी कायतरी वाचून आणन अन् तुमी तिले बोलसान."

जानरावांचं मनगट महामायाच्या मुठीत ढिलं पडलं. त्यांनी प्रथमच मितूकडे नीट पाहिलं. गालाला बोट लावलं. "मितू," म्हणाले. "ए मितू. आजा हाय ना बे."

मितूनं डोळे उघडले नाहीत.

"बद्रूले बोलवा," पंजाबराव काठी टाकून ओरडले. "गाडी काढ म्हना."

बद्रुद्दीनच्या ऑटोत मागं खाटेवरची गादी अंथरली. दोन्ही बाजूंचे पडदे वर गुंडाळले, वारा लागू दे म्हणून महामायानंच सांगितलं, आणि सगळी भिजत निघाली. बद्रुद्दीन खड्डे चुकवत, मागं न पाहता विचारत होता, "भाभी, साँस चालू है ना?" ती दरवेळी मितूच्या छातीवर हात ठेवून पाही आणि मगच हाव म्हणे. जानराव पुढं त्याच्या शेजारी दांडा धरून बसले होते.

मेहकरच्या दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला, छातीला तारा चिकटवल्या. निरोप मिळून रवी धावत आला तेव्हा डॉक्टर सांगत होते, या विषावर औषध असं नाही, शरीरानं झेलायचं आणि आपण आधार द्यायचा. काळीज कसं चालतंय यावर लक्ष ठेवू. उद्यापर्यंत काही बोलता येणार नाही. महामायाला त्यातलं सगळं आधीच माहीत होतं, आणि त्या माहीत असण्याचा काडीचा उपयोग नव्हता. ती पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे पाहत राहिली.

संध्याकाळी जानराव दारात येऊन उभे राहिले. हातातला फोन त्यांनी तिच्याकडे केला.

"पंजाब हाय. लोकं जमले म्हणते, कापूस उपसून बाहेर टाकतो, पाणी मारतो. काय सांगू?"

"पाणी नोका मारू म्हणा. दाराजवळ कोणी जाऊच नका."

"अन् मंग कधी काढाचा? किती दिवसानं?"

ते थांबले होते, दाराच्या चौकटीला हात लावून. तिच्या तोंडातून येईल ते तसंच्या तसं पंजाबरावांना सांगायला.

"मले माईत नाई बाबा," ती म्हणाली. "डॉक्टरले विचारू. कृषीवाल्या सायबाले विचारू. विचारल्याबिगर काईच करू नका."

जानरावांनी मान हलवली आणि तेच सगळं फोनमध्ये मोठ्यानं सांगितलं, मधे स्वतःचं काही न घालता. पंजाबराव पलीकडून काहीतरी विचारत होते. तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. मितूनं तोंडावरची नळी ओढून काढली, तोंड वेडंवाकडं केलं आणि अख्खा वॉर्ड दणाणून टाकत भोकाड पसरलं.

महामाया तिला गप्प करायला वाकली.

"रडू द्या," नर्स नळी सरळ करत म्हणाली. "चांगलं आहे."

जानरावांनी फोनचा हात हळूच पुढं केला, खाटेच्या दिशेनं. "पंजाब," ते म्हणाले, "आयक."