सहा डबे आणि एक नाक

सोमवार: कोबी, भात

ओट्यावर सहा डबे उघडे होते आणि सहा झाकणांवर सहा वारांची नावं. शेजारी काल संध्याकाळी दुकानातून आलेली पिशवी. तिच्यातल्या प्रत्येक जिनसेवर पिवळं लेबल होतं: अर्ध्या किमतीत, तारीख कालची. घरात या मालाला नुसतं ‘पिवळं’ म्हणत. शनिवारी सून पिवळं आणायची. रविवारी सकाळी सासूबाई त्याचा वास घ्यायच्या. त्यांनी ‘घे’ म्हटलं की ते शिजून आठवड्याच्या डब्यांत जायचं, ‘टाक’ म्हटलं की केरात.

कोबीला नाक लागत नाही. वरची दोन पानं काढली की तो आपलं वय आपण सांगतो. सासूबाईंनी कोबी चिरला, परतला, भातावर घातला. पहिला डबा भरला. इथवर काही अडचण नव्हती.

मंगळवार: अंडी, टोमॅटो

अंड्यालाही नाक लागत नाही, पाणी लागतं. तळाशी बसलं ते घ्यायचं, तरंगलं ते नाही.

पण सासूबाईंचं नाक हे काही साधंसुधं नाक नव्हतं. एका मोठ्या वसतिगृहाच्या कोठीवर त्यांनी तीस वर्षं दारात उभं राहून माल उतरवून घेतला होता. माल आणणारे त्यांना पाठीमागे ‘नाकवाल्या बाई’ म्हणत आणि समोर नाक मुठीत धरून उभे राहत. निवृत्तीनंतर त्या थोरल्याकडे राहायला गेल्या. तिथे सगळं उदंड. पिवळं कोणी आणत नव्हतं. थोरली सून गुणाची, सारखी म्हणायची, “तुम्ही बसा हो आई.” दोन वर्षं त्या बसल्या. बसून बसून माणूस पाहुणा होतो.

धाकट्याकडे त्या आठ दिवसांसाठी म्हणून आल्या. पहिल्याच रविवारी धाकट्या सुनेच्या हातात मासळीची दोन पाकिटं होती. सासूबाईंनी नाक पुढे केलं आणि म्हणाल्या, “हे घे. ते टाक.” सुनेने दोन्ही पाकिटं हुंगून पाहिली. तिला काही फरक कळला नाही. मग तिने विचारलं, “आई, पुढच्या रविवारी आहात ना?”

त्याला आता दीड वर्ष झालं.

बुधवार: पुन्हा कोबी

महिन्यापूर्वी ताप येऊन गेला. त्यानंतर कांदा चिरताना डोळ्यांतून धारा लागल्या आणि नाकाला त्याचा पत्ताच नव्हता. सासूबाईंना वाटलं, सर्दी असेल. सर्दी गेली. वास परत आला नाही.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रविवार मात्र यायचा थांबत नव्हता. ज्याला काही कळत नाही, त्याने काय म्हणावं? ‘घे’ म्हटलं आणि कोणाचं पोट बिघडलं तर? त्यांनी ज्यात धोका नाही तो शब्द धरला.

मशरूम? टाक.
दही? टाक.
चीज? टाक.
मासे?
टाक, टाक.

सुनेने तीन रविवार निमूट टाकलं. नाकवाल्या बाईंचा शब्द. डब्यांत कोबी वाढत गेला. मुलगा लांब पल्ल्याची बस चालवायचा. एकदा झाकण उघडून म्हणाला, “आई, आपण घरात ससे पाळलेत का?”

गुरुवार: चिकन (?)

सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. गोष्टी नीट पाहायची तिला सवय होती. तिने पिशवीतून चिकनचं पाकीट काढलं, फाडलं आणि सासूबाईंपुढे धरलं.

“हे बघा. आणि आई, मी ठरवलंय. हे शेवटचं.”

“शेवटचं काय?”

“पिवळं. अर्ध्या किमतीत आणायचं आणि अर्धं फेकायचं. त्यापेक्षा मोजकं ताजं आणू. दुकानाने हल्ली ताळ सोडलाय. तुमचीही सुटका. रविवारची सकाळ उभ्याने जाते तुमची. जरा बसत जा.”

बसत जा.

सासूबाईंनी पाकिटात नाक घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. आत गारवा आला. गारव्याच्या मागे काहीच नव्हतं.

“घे,” त्या म्हणाल्या.

“खरंच?” सून खुलली. “चला, सुटले. गुरुवारी ह्यांची रात्रीची पण फेरी आहे. पोटाला काहीतरी जडच हवं.” तिने कढई ठेवली, तेल सोडलं, पाकीट उचललं.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

शुक्रवार: —

“मला वास येत नाही.”

“कशाचा?”

“कशाचाच नाही. महिना झाला.”

सुनेने गॅस बंद केला. सासूबाईंना वाटलं, आता ही ‘अरेरे’ म्हणेल.

“म्हणजे ते मासे चांगले होते?”

“असतील.”

“चीज?”

“तेही असेल.”

“दोन मोठे तुकडे होते, आई. दोन बायकांशी भांडून आणले होते मी. आणि आत्ता न कळता ‘घे’ म्हणालात?”

“हो.”

“सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर मी इथे कशाला मग?”

सुनेने पाकीट ओट्यावर ठेवलं. तिचा राग गेला नव्हता. “दीड वर्ष मी काय नाकाला जेवायला वाढतेय?” ती म्हणाली. “उद्या डॉक्टरकडे जायचं. कारणं नकोत.”

मग तिने पाकीट स्वतःच्या नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. “बरं वाटतंय. की नाही? मला मेलीला काय कळतंय.”

“कसा येतोय?”

“चिकनचा.”

“तसं नाही गं. ओल्या लोखंडासारखा, की गोडसर?”

सुनेने डोळे मिटले. “लोखंड. आणि मागून काहीतरी.”

“मागून आंबट?”

“आंबट नाही. प्लास्टिकसारखं.”

“ते पाकिटाचं. ताटलीत काढ आणि दम धर.” सासूबाईंनी मांसावरून बोट फिरवलं. बुळबुळीत नव्हतं. बोटाचं बोटाला कळत होतं.

शनिवार: (अजून रिकामा)

थोड्या वेळाने सून ताटलीवर वाकली.

“आता नुसतं लोखंड.”

“नक्की?”

“मी कशाला खोटं सांगू?”

टोमणा जिथे लागायचा तिथे लागला. सासूबाईंनी तो घेतला.

“मग?” सुनेने विचारलं. “घेऊ?”

“नाक तुझं. तू सांग.”

“मी विचारतेय ना तुम्हाला.”

सासूबाईंनी कढईखालचा गॅस पुन्हा पेटवला. “घे.”

चिकन कढईत पडलं आणि चरचरलं. सुनेने शनिवारचा डबा ओढून पुढे घेतला. “यात पुढच्या खेपेला मासे. ताज्या मासळीचा वास कसा असतो, ते आजच सांगून ठेवा.”

“जवळजवळ नसतोच. ओल्या दगडासारखा.”

“दगडाला कुठे वास असतो?”

“दाराबाहेरच्या पायरीवर तांब्याभर पाणी ओत आणि बघ.”

सून हसेल असं त्यांना वाटलं होतं. तिने खरंच तांब्या भरला आणि बाहेर गेली. सासूबाई कढई हलवत राहिल्या. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या. सून वाकली असावी.

“आई,” ती बाहेरूनच म्हणाली, “दगडाचा कसा ते नाही सांगता येत, पण धुळीचा येतोय.”

“धूळ वाहून जाऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. “अजून एक तांब्या ओत.”