गालिच्याखालचा नंबर

मित्रांनो, समुद्रापलीकडून आलेली एक म्हातारी मोटार तुमच्याशी बोलते आहे. माझा रंग एके काळी फिकट निळा होता. ऊन खाऊन खाऊन तो आता कसलाच राहिलेला नाही. सरकारी तपासणी कार्यालयाच्या आवारात, भिंतीकडेच्या रांगेत मी उभी आहे. चाकांत हवा नाही. टपावर पाला साचतो, वारा आला की निघून जातो. त्याचं मला बरंही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. पत्र्याला काही वाटत नसतं, असं माणसं म्हणतात. तसंच असेल. मी फक्त झालं ते सांगते.

एका मोठ्या कारखान्यात मी जन्मले. माझ्या तळाच्या पत्र्यावर, चालकाशेजारच्या खुर्चीच्या पुढ्यात, एक नंबर ठोकून उमटवण्यात आला. तुमच्या अंगावर जन्मखूण असते ना, तशी ती माझी खूण. रंग बदलता येतो, दिवे बदलता येतात, चाकं तर किती वेळा बदलतात; हा नंबर मात्र देहाबरोबर येतो आणि देहाबरोबरच जातो. त्याच्यावर गालिचा अंथरला गेला आणि तो दिसेनासा झाला.

त्या देशात मी एका चष्म्याच्या दुकानात कामाला होते. दुकानाची मालकीण तयार झालेले चष्मे म्हाताऱ्या माणसांना घरपोच द्यायची. ती माणसं दारातच चष्मा चढवायची, आणि डोळे किलकिले करून आधी रस्त्याकडे बघायची. समोर मी. "अगोबाई, गाडी निळी आहे होय! मी इतके दिवस करडी समजत होते," असं एक आजीबाई म्हणाल्या होत्या. माझ्या कौतुकाची वर्षं म्हणायची तर तीच. मालकीण थकली, दुकान बंद झालं, आणि मला इतर जुन्या गाड्यांबरोबर जहाजात चढवलं. जहाजाच्या पोटात अंधार होता आणि खारट हवा होती. आम्ही गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होतो. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

या देशात उतरल्यावर मला एका विक्रेत्याने विकत घेतलं. त्याच्या जिभेवर साखर होती, म्हणून बाजारात त्याला सगळे गोडबोल्या म्हणत.

मित्रांनो, इथला नियम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. परदेशातून आलेली प्रत्येक जुनी गाडी आधी तपासणी कार्यालयात न्यावी लागते. ब्रेक, दिवे, पट्टे, खुर्च्या, सगळं तपासतात. गाडी उत्तीर्ण झाली की तिला प्रमाणपत्र मिळतं, आणि तिचा नंबर कोरलेली धातूची एक छोटी पट्टी दाराच्या खांबावर कायमची ठोकली जाते. म्हणजे नंबर तीन जागी असतो: कागदावर, पट्टीवर आणि गालिच्याखाली तळाच्या पत्र्यावर. तिन्ही नंबर एकच असले, तर गाडी खरी.

माझ्याच घडणीची दुसरी एक गाडी माझ्याआधी इथे आली होती. तिला फिरती खुर्ची होती. कळ दाबली की चालकाशेजारची ती खुर्ची दाराकडे वळायची, बाहेर यायची आणि अलगद खाली उतरायची. पायांत बळ नसलेल्या माणसाला तीत बसवलं की खुर्ची त्याला उचलून आत घ्यायची. ती गाडी रीतसर उत्तीर्ण झाली होती. पुढे एका वळणावर तिचा अपघात झाला आणि तिचा चेंदामेंदा झाला. गोडबोल्याने ते भंगार घेतलं. त्यातली फिरती खुर्ची काढून माझ्यात बसवली. माझ्या तळाला तशा खुर्चीसाठी भोकं नव्हती, ती नवीन पाडली. तिच्या दाराची पट्टी उचकटून माझ्या दाराच्या खांबावर ठोकली. तिचं प्रमाणपत्र माझ्या कप्प्यात ठेवलं. मला तपासणीला कधी नेलंच नाही. पट्टी ठोकली तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, ते मला माहीत नाही.

आणि मग एके सकाळी कानसेन आले.

ते पियानो सुरात लावण्याचं काम करत. शाळा, सभागृहं, श्रीमंतांची घरं, जिथे जिथे पियानो होता तिथे त्यांना बोलावणं जाई. एखादी तार केसाएवढी उतरली असली तरी त्यांना कळायचं, म्हणून घरचे त्यांना थट्टेने कानसेन म्हणत. त्यांच्या बायकोचं लोकरीचं दुकान होतं. बोलण्यात तिचा हात कोणी धरत नसे. गिऱ्हाईक लोकर घ्यायला यायचं आणि तास दोन तास गप्पा ऐकून जायचं. तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. उपचार केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसची पायरी उंच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका, आत्ता जेवढं परत येईल तेवढंच येईल.

कानसेनांबरोबर त्यांची थोरली बहीण आली होती. ताईंनी फिरती खुर्ची खाली-वर करून पाहिली आणि विचारलं, "प्रमाणपत्र?"

"हे बघा ना ताई, शिक्क्यासकट," गोडबोल्या म्हणाला. "आणि ही पट्टी. नंबर लावून बघा. तंतोतंत!"

ताईंनी बोट फिरवत नंबर लावून पाहिला. "जुळतोय. आणि तिसरा? गाडीच्या अंगावरचा?"

"तो गालिच्याखाली असतो. खुर्चीचा खालचा भाग सोडवावा लागेल. आज कारागीर नाही, परवा येतो. तोवर गाडी राहील की नाही, सांगता येत नाही बघा."

"मग परवा येऊ. नाहीतर सरळ तपासणी कार्यालयात जाऊन विचारू. नंबर दिला की ते सांगतात म्हणे."

"ताई, तिथली रांग पाहिली आहेस का?" कानसेन म्हणाले. "तिकडे हिचा एकेक दिवस वाया जातोय." मग ते गोडबोल्याकडे वळले. "इंजिन सुरू करा."

मी सुरू झाले. त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या इंजिनावरच्या झाकणावर कान टेकवला. किती तरी वेळ ते तसेच उभे होते. इतक्या आदराने मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "कुठे खोट नाही."

"तुझा कान पियानोसाठी आहे रे, गाडीसाठी नाही," ताई म्हणाल्या.

"खोटा आवाज मला कळतो, ताई. आयुष्य गेलं त्यात."

मित्रांनो, माझा आवाज खोटा नव्हता. इंजिन माझंच होतं आणि चांगलं होतं. त्यांनी इंजिनाला विचारलं, इंजिनाने खरं उत्तर दिलं. खुर्चीला त्यांनी काही विचारलंच नाही.

पुढचे महिने मी नेमाने उपचार केंद्रात जाऊ लागले. एखाद्याने व्रत धरावं तसं कानसेनांनी ते धरलं होतं. सकाळची कामं सोडली, गिऱ्हाइकं दुसऱ्यांना दिली, पण एक खाडा होऊ दिला नाही. खुर्ची बाहेर यायची, ते बाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, तीत बसवायचे, पट्टा लावायचे, तिचा लुळा हात मांडीवर नीट ठेवायचे. ताई मागे बसून सगळा रस्ता बोलत असायच्या. घरात आता बोलणारं कोणी नाही म्हणून त्या दोघींच्या वाट्याचं बोलायच्या.

एके दिवशी काचेतून उजेड आला आणि बाई म्हणाल्या, "ऊन." कानसेनांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मग रोज एखादा शब्द येऊ लागला. पहिलं वाक्य आलं ते ताई शेजारणीच्या सुनेविषयी सांगत असताना. बाईंनी मान अर्धवट वळवली आणि मोठ्या कष्टाने म्हणाल्या, "वन्सं... गप्प!"

ताई हसता हसता रडायला लागल्या. "म्हण बाई, म्हण! अजून म्हण. जन्मभर मनात होतं ना तुझ्या!"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चौकात समोरचा दिवा अचानक लाल झाला. कानसेनांनी ब्रेक दाबला. मी थांबले. खुर्ची थांबली नाही. त्या दुसऱ्या गाडीच्या अपघातात तिची खिट्टी आतून दुखावली होती, ती सुटली. खुर्ची बाईंना घेऊन दाराकडे गर्रकन वळली आणि त्यांचं कपाळ दाराच्या खांबावर आपटलं. नेमकं त्या पट्टीवर. रक्त पट्टीवरून ओघळून खाली गालिच्यावर आलं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. मी उभी होते.

कपाळाला टाके पडले. ते भरून आले. पण बाई पुन्हा बोलेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार खोल नाही, भीती खोल गेली आहे, धीर धरा.

वाहतूक शिपायाने मला तपासणी कार्यालयात पाठवलं. तिथल्या तपासनीस बाईंनी खुर्ची सोडवली, गालिचा उचलला आणि बॅटरीच्या उजेडात माझा नंबर वाचला. इतक्या वर्षांनी कोणीतरी तो वाचत होतं.

"काका," त्या कानसेनांना म्हणाल्या, "ही गाडी आमच्याकडे कधी आलीच नव्हती. प्रमाणपत्र आहे ते दुसरीचं. ती केव्हाच मोडीत निघाल्याची नोंद आहे आमच्याकडे. घेण्याआधी नुसतं विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"पण आवाज..." कानसेन म्हणाले.

"आवाजाला आम्ही प्रमाणपत्र देत नाही, काका."

ते तिथल्या बाकावर बसले. हात गुडघ्यांवर होते. ते रागावले नाहीत, रडले नाहीत, काहीच झालं नाही त्यांना. बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना मी दिसत नव्हते. गोडबोल्याच्या जागेवर आता न्हाणीघराच्या बेसिनांचं दुकान आहे, असं ताईंनी येऊन सांगितलं. मग त्या त्यांच्याशेजारी बसल्या.

"मी सांगितलं होतं, असं मी म्हणणार नाही."

"म्हणालीस की, ताई."

"म्हणणार नाही म्हटलं."

"तेही ऐकू आलं."

ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मला पुरावा म्हणून इथे ठेवून घेतलं. मित्रांनो, उभं राहण्याचं एक बरं असतं, काही करावं लागत नाही. शेजारच्या गाड्यांची कथा थोड्याफार फरकाने माझ्यासारखीच. समोरच्या छपराखाली रोज गाड्या येतात, त्यांचे गालिचे उचलले जातात, नंबर मोठ्याने वाचले जातात. मी ऐकते. ऐकून सोडून देते.

मग एके दुपारी ती तिघं फाटकातून आत आली. बसने आली होती. बाई घडीच्या चाकाच्या खुर्चीत होत्या, चेहरा शांत, कोरा. ताई धापा टाकत होत्या. छपराखाली एक पांढरी गाडी उभी होती, तीही परदेशातून आलेली, तिलाही फिरती खुर्ची. विकणारा एक तरुण दंतवैद्य होता. घेण्याआधी गाडी इथे आणायची, अशी अट कानसेनांनी त्याला घातली होती.

तपासनीस बाईंनी तळाचा नंबर वाचला. कागदाशी लावला, पट्टीशी लावला. कार्यालयातल्या नोंदीशी लावला. "जुळले सगळे. गाडी खरी आहे."

कानसेनांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"पण," त्या म्हणाल्या, "प्रमाणपत्रात या खुर्चीची नोंद नाही. गाडी तपासली तेव्हा साधी खुर्ची असणार, ही मागाहून बसवलेली दिसते. ती वेगळी तपासायला लागेल. खुर्च्या तपासणारे साहेब पुढच्या आठवड्यात येतील."

"खुर्ची नवीकोरी आहे हो," दंतवैद्य म्हणाला. "मी स्वतः आईसाठी बसवून घेतली होती. काका, मला फसवायचं नाही कोणाला. पण मी परगावी निघालोय आणि संध्याकाळी दुसरे लोक बघायला येतायत."

खरं सांगत असावा. चेहरा भला होता.

ताई कपाळ पुसत म्हणाल्या, "नंबर जुळलेत ना रे? मग घे बाबा. त्या बसच्या पायरीने माझे गुडघे गेले. आणि हिचे दिवस जातायत ते वेगळेच."

 कानसेनांनी एकदा पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. खिशातून पेन काढलं. व्यवहाराच्या कागदावर ते टेकवणार, एवढ्यात चाकाच्या खुर्चीतून काहीतरी आवाज आला. घसा खरवडल्यासारखा. सगळे वळले. बाईंचा डावा हात नवऱ्याच्या बाहीला धरून होता. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. तपासनीस बाईंनीही हातातला कागद खाली केला. कोणी घाई केली नाही.

"थां..." बाई म्हणाल्या. आणि मग, पुष्कळ वेळाने, "...बू."

कानसेनांनी पेन खिशात ठेवलं. दंतवैद्य आपली गाडी घेऊन निघून गेला. ती तिघं फाटकाबाहेर थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली तेव्हा वाहक खाली उतरला आणि त्याने एका बाजूने बाईंना धरलं. पायरी उंचच होती. तरी चढल्या.

ती पांढरी गाडी त्यांना मिळाली की दुसऱ्या कोणी नेली, मला माहीत नाही. मला इथून तेवढंच दिसतं.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरी कधी माझ्यासारखी दुरून आलेली गाडी घ्यायची वेळ येईल. घरात कोणीतरी आजारी असेल, दिवस हातातून जात असतील, विकणारा माणूस भला असेल. त्या वेळी गालिचा उचला. वाकून नंबर वाचा, कार्यालयात जाऊन विचारा, आणि तिथले थांबा म्हणाले तर थांबा. गाडी काही सांगणार नाही. तिला तोंड नसतं. पण तिच्यात तुम्ही ज्याला बसवणार आहात, ते माणूस तुमचं असतं.