बियाण्याची काकडी

आमच्या गॅलरीत एक माणूस आणि एक बादली एवढंच मावतं. दोन माणसं उभी राहिली, तर एकाला श्वास घ्यायला घरात यावं लागतं. त्या गॅलरीत माझ्या बायकोनं एकोणीस वर्षं काकड्या पिकवल्या, रंगाच्या रिकाम्या बादलीत. एका वर्षी वेल गच्चीवर गेला, पाण्याच्या टाकीला वळसा घालून पलीकडून खाली उतरला आणि आमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येऊन कपाट उघडू लागला. असं मी दुकानात सांगायचो. गिऱ्हाईक हसायचं आणि हसता हसता पोट आत ओढायला विसरायचं. मला माप खरं मिळायचं.

धंद्यानं मी शिंपी. खाली रस्त्यावर दुकान, तिसऱ्या मजल्यावर घर. दुकानात माझी एक पद्धत होती. कपडा शिवून, बटणं लावून, इस्त्री करून तयार झाला, की वरच्या काजात लाल धागा बांधायचा. लाल धागा म्हणजे काम झालं, देऊन टाका. बेचाळीस वर्षं लाल धागा दिसला, की माझा हात आपोआप कपडा उचलून गिऱ्हाइकापुढे ठेवायचा. डोक्याला मध्ये घ्यायची गरजच नसे.

काकड्यांचं मात्र सगळं तिच्याकडे. तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून रोज सकाळी ती नर फूल तोडून मादी फुलात फिरवायची. "लागली का लग्नं?" मी आतून विचारायचो. "लागली. तुम्ही जेवायला तेवढे या," ती म्हणायची. पिकवणं तिचं, खाणं माझं आणि बढाया मारणंही माझंच. मी गॅलरीत जायचो, ते फक्त ओली छत्री टांगायला.

बी तिच्या आईकडून आलेलं. काकडी बुटकी, पोटाशी फुगलेली आणि शेंड्याला जराशी वाकडी. "अगदी तुमच्यावर गेलीय," असं ती चारचौघांत म्हणायची. दर वर्षी बियाण्यासाठी एक काकडी वेलावर राखायची, पिकवायची, बी धुऊन वाळवायची. चार दाणे आपल्या बादलीला, बाकीचे पुड्यांना धागा बांधून वाटून टाकायचे. जुनं बी घरात ठेवायचं नाही, हा तिचा नियम.

या वर्षी लेकीला, ती नोकरी करते त्या गावात, नवीन घर मिळालं. त्याला गॅलरी होती, आमच्यापेक्षा चांगली दोन हात मोठी. "यंदाचं बी तुझं," आईनं तिला फोनवर कबूल करून टाकलं. "आजीचं बी आहे. बादली आतापासून बघून ठेव."

आणि मग एका दुपारी बायको भांडी घासता घासता खाली बसली, ती उठलीच नाही. इस्पितळात नेलं. पोटात काहीतरी बऱ्याच दिवसांपासून वाढत होतं, म्हणे. आम्हाला काकड्या वाढलेल्या तेवढ्या दिसल्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत तिनं काही खाल्लं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मऊ, गार, जे जाईल ते द्या. मी घरी आलो. गॅलरीत गेलो. वेलावर दोन-तीन बोटभर काकड्या होत्या आणि पानांआड एक मोठी, जराशी पिवळसर, देठाच्या वर लाल धागा बांधलेली. धागा माझ्याच रिळाचा. मला बरं वाटलं. आजारी पडायच्या आधी बाईसाहेबांनी तयार माल बांधून ठेवलाय, एवढंच माझ्या मनात आलं. धाग्याखाली कात्री लावली आणि काकडी हातात घेतली.

साल जाड होतं, काढलं. आतलं बी टणक झालं होतं. तिला चावायचं नाही, म्हणून मी चमच्यानं एकेक बी खरवडून काढलं आणि कचऱ्यात टाकलं. एकही राहू दिलं नाही. कामात मी पहिल्यापासून चोख. मग काकडी किसली, चिमूटभर मीठ घातलं आणि डबा घेऊन निघालो. जाताना कचराही खालच्या कचरागाडीत टाकला.

तिनं खाल्ली. आधी एक चमचा, मग सगळी. वाटी तिरकी करून पाणीसुद्धा प्यायली.

"थोडी आंबट लागतेय," ती म्हणाली. "पण बरं वाटलं हो. कुठून आणलीत?"

"आपल्या गॅलरीतून."

"बोटभर काकडीचा एवढा कीस?"

"माझा हात गुणाचा."

"बरं. लाल धागा बांधलेली तेवढी राहू द्या. पिवळीजर्द होऊन देठ सुकला, की मगच काढा. लेकीचं बी आहे ते."

माझ्या हातात रिकामी वाटी होती. ती मी धुवायला घेऊन गेलो आणि नळाखाली बराच वेळ धरून उभा राहिलो.

परत आलो, तेव्हा तिचे डोळे माझ्यावरच होते. "आहे ना ती?"

"आहे की," मी म्हणालो. "वाढलीय. शेजारणीच्या गॅलरीत गेलीय."

"काहीतरीच तुमचं."

"खोटं वाटत असेल, तर विचार तिला. त्यावर टॉवेल वाळत घातलेत तिनं."

ती हसली. हसल्यावर पोटाला हात लावून कळवळली, आणि पुन्हा हसली. मला वाटलं, आता खरं सांगावं. पण ती हसत होती.

पुढे रोज तेच. सकाळी मी गेलो, की ती विचारायची, "काय म्हणतेय?" आणि मी सांगायचो. पिवळी व्हायला लागलीय, संध्याकाळी दिवा लावायला लागत नाही. रस्त्यावरची माणसं थांबून वर बघतात. खालचा वाणी ती तोलायला ट्रकचा काटा आणायच्या गोष्टी करतोय. तपासायला येणारी नर्सही ऐकत उभी राहायची. "काका, आम्हाला एक फोड ठेवा," ती म्हणायची. बायको म्हणायची, "त्यांचं ऐकू नकोस गं. बियाण्याची आहे ती. बियाण्याची खायची नसते."

इस्पितळाच्या धावपळीत बादलीला पाणी घालायचं राहून गेलं. वेल दोरीवरच वाळला.

दहाव्या दिवशी तिनं माझा हात धरून विचारलं, "आता देठ सुकला असेल ना?"

"सुकला."

"मग उद्या काढा. बी मोजून सांगा मला."

"सांगतो."

ज्या माणसाला मोजून सांगायचं, तेच दुसऱ्या दिवशी राहिलं नाही.

लेक आली. घरात माणसं आली, गेली. लेकीच्या परत जाण्याचा दिवस जवळ आला. मी मजल्यामजल्यानं फिरलो. गेल्या वर्षीचं बी ज्यांना दिलं होतं, त्यांची दारं वाजवली. एकीनं घर बदललं होतं. दुसरी म्हणाली, कुंडीत रुजलंच नाही हो. तिसरी म्हणाली, लावायचं लावायचं म्हणून राहिलं आणि पुडी कुठे गेली कुणास ठाऊक. शेवटी मी बियाण्याच्या दुकानात गेलो आणि काकडीचं पाकीट आणलं. फुगीर तेवढं निवडलं. बायकोच्या एका जुन्या पोलक्याचा तुकडा माझ्याकडे होता, त्याची छोटी थैली शिवली, बी आत घातलं आणि तोंडाला लाल धागा बांधला.

लेकीनं निघताना विचारायच्या आत मी थैली तिच्या हातात ठेवली.

"आईनं वाळवलं?" तिनं विचारलं.

"शेवटी मी काढलं. पण तिनं सांगितलं तसंच. थैली तिनंच बांधली."

तिनं थैली उलटसुलट पाहिली आणि पर्समध्ये टाकली. माझी तेवढी एक थाप अशी, जिच्यावर कोणीच हसलं नाही.

चार महिन्यांनी, रविवारी, तिचा फोन आला.

"बाबा, काकड्या लागल्या."

"वा. कशा आहेत?"

"लांब आहेत. सरळ. बाजारात मिळतात तशा."

"तिथली माती वेगळी असेल. पाणीही..."

"बाबा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "आईची गाठ एक टोक ओढलं की सुटायची. तुमची मला कात्रीनं कापावी लागली."

"मग पेरलंस कशाला?"

"तुम्ही दिलं होतंत म्हणून. आणि वाटलं, गाठ तुमची असेल, बी तरी तिचं असेल."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. धागा, कात्री, चमचा, कचऱ्याचा डबा. आयुष्यात एवढी लांबलचक गोष्ट मी तिखटमीठ न लावता पहिल्यांदाच सांगत होतो, आणि ती सांगताना मी सारखा अडखळत होतो.  

"आजीचं बी होतं ते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आता कुठेच नाही?"

"नाही."



"आईनं खाल्ली का पण ती?"

"सगळी खाल्ली. वाटीतलं पाणीसुद्धा प्यायली. बरं वाटलं म्हणाली."

"खरं सांगताय की..."

"खरं सांगतोय गं."

ती "बरं" म्हणाली. तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. पटवून द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. जन्मभर ज्या तोंडानं वेल टाकीवर चढवला, त्याच तोंडानं हेही सांगत होतो.

फोन ठेवून मी गॅलरीत गेलो. बादली होती तिथेच होती. वाळलेला वेल दोरीला चिकटलेला, आणि कात्री लावली होती त्याच्या जरा वर तिचा धागा अजून होता, उन्हानं गुलाबी पडलेला. गाठ कशी मारली आहे, ते बघायला मी खाली वाकलो. नीट दिसेना, म्हणून एक टोक बोटात धरलं आणि जरासंच ओढलं.

ती सुटली. धागा सरळ होऊन माझ्या हातात आला.

मी तो त्याच जागी पुन्हा बांधायला बसलो. बेचाळीस वर्षं शिंपीकाम केलंय, मला सतरा प्रकारच्या गाठी येतात. एकेक करून सगळ्या मारून पाहिल्या. तशी एकही सुटेना.