जोतीरामचा उजवा पाय

दोन महिन्यांनी जोतीराम मिरजेच्या दवाखान्यातून घरी आला, तेव्हा त्याच्या काखेत कुबड्या होत्या आणि उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. साल त्र्याहत्तर. दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या खोदाईत सुरुंगाचा धोंडा उडून आला आणि पायाचा चेंदामेंदा झाला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पाय गेला. लोणंदच्या स्टेशनावरून बैलगाडीनं गावात येईपर्यंत तो बायकोशी, सुलाबाईशी, चार शब्दसुद्धा धड बोलला नाही.

सुलाबाईनं ते मनावर घेतलं नाही. माणूस घरी आला होता, एवढं तिला पुरे होतं. तिनं चूल पेटवली, रेशनच्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी थापल्या, मिरचीचा खर्डा केला. मिलोची भाकरी थापताना चिरते आणि गिळताना अडकते. पण त्या साली ती पोटभर मिळाली तरी माणूस राजा.

दुपारची तीन ताटं मांडली. नऊ वर्षांच्या रिबकानं बापाशेजारी मांडी घालून हात जोडले, डोळे मिटले. जोतीरामच्या आजोबानं येशूचं नाव घेतलं तेव्हापासूनचा ह्या घराचा दंडक होता: आधी घरच्या कर्त्यानं उपकार मानायचे, मगच भाकरीला हात लावायचा. कर्ता दवाखान्यात होता तोवर सुलाबाई प्रार्थना करायची. आता तो समोर बसला होता, आणि गप्प होता.

"आवं, प्रार्थना करा की," सुलाबाई म्हणाली.

"तुमी जेवा."

"आन् तुमी?"

"मी न्हाई उपकार मानणार. कशाचं मानू? न आलेल्या पावसाचं, का तुटल्याल्या पायाचं?"

रिबकानं एक डोळा उघडून भाकरीकडं पाहिलं आणि परत मिटला.

सुलाबाई म्हसवडकडची. हट्टात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. "मग आज कुणीच जेवायचं न्हाई," ती म्हणाली आणि ताटापुढं हात बांधून बसली. भाकरीची वाफ गेली. पोटात आग पडली होती, पण भुकेची तिला सवय होती. भीती दुसरीच होती. पाय गेलेली माणसं जगतात, हे तिनं पाहिलं होतं. पण हा गडी उद्यापासून भिंतीकडं तोंड करून पडला, तर तो गेल्यातच जमा. आज ह्या भाकरीवर त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही, तर पुन्हा कधी निघणार नव्हता.

"पोरीला तरी खाऊ दे," जोतीराम म्हणाला.

"दंडक तुमच्या आज्ज्याचा. त्यो मोडणारी मी कोण?"

"सुले, माझा पाय कुत्र्यांनी खाल्ला आसंल गं!" त्याचा आवाज एकदम फाटला. "कुठं तरी उकिरड्यात टाकला आसंल. त्या पायावर मी नांगरामागं उभी हयात चाललो. आर्धा माणूस तिकडं कुजला, आर्धा हितं बसलाय. आन् तू म्हणतीस उपकार मान."

दोन महिने हे त्याला आतून खात होतं तर. सुलाबाईनं सांगायला चांगली वेळ यायची वाट पाहिली होती. वेळ चांगली नव्हती, पण हीच होती.

"पाय उकिरड्यात न्हाई," ती म्हणाली. "आपल्या दफनभूमीत हाय. मामांजींच्या शेजारी."



मग तिनं सगळं सांगितलं. ऑपरेशन झालं त्याच दिवशी तिनं नर्सबाईंना गाठलं. दवाखान्यातली माणसं पाय तिथंच रीतसर पुरणार होती. हिनं पदर पसरून तो मागून घेतला. मीठ आणि कडुलिंबाचा पाला घालून फडक्यात गुंडाळला, वेताच्या बुट्टीत ठेवला आणि बुट्टी मांडीवर घेऊन आगगाडीत बसली. "काय गं बाई, बुट्टीत काय?" समोरच्या माळकरी म्हातारीनं विचारलं. "मालकांचं हाय," ही म्हणाली. म्हातारी मटण समजून दूर सरकली.

गावात चर्चच्या पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. "सुलाबाई, पायाच्या दफनाची उपासना आपल्यात नाही. आणि शेवटल्या दिवशी मेलेला माणूस उठवायला देवाला पाय जपून ठेवावा लागत नाही. तो राखेतूनही उठवील."

"त्येला जमंल, सायेब. पर आमच्या मालकांला पटाय नगं?"

पाळकसाहेब बायबल घेऊन तिच्याबरोबर निघाले. खड्डा तिनंच खणला. जमीन दगडासारखी झाली होती. दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून तिचे हात तयार झाले होते म्हणून निभलं.

"पाळकसायबांनी प्रार्थना केली, मी माती लोटली," सुलाबाई म्हणाली. "तुमचा पाय नुसता फुडं गेलाय. येशू यील तवा तुमी दोन पायांवर उठशीला. मी पाय गेल्याचं उपकार माना म्हणत न्हाई, दुष्काळाचं बी न्हाई. पर आपला शेवट मातीत न्हाई आन् त्येनं आपल्याला टाकलं न्हाई, एवढ्याचं तरी मानशीला का न्हाई?"



"खोल पुरलास नव्हं?" जोतीरामनं विचारलं.

"छातीइतका."

"माझ्यापुरती जागा ठिवलीस?"

"ठिवलीया. पर तिची एवढ्यात गडबड न्हाई."

जोतीराम हसला. पहिल्यांदा खांदे हलले, मग तोंडातून हसू फुटलं, आणि हसता हसता तो असा रडला की रिबका घाबरून त्याला बिलगली. सुलाबाईनं त्याला रडू दिलं. मग त्यानं डोळे पुसले आणि हात जोडले.

"देवबापा," तो म्हणाला आणि थांबला. "देवबापा, पाय परत मागत न्हाई. मी येस्तवर तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. ह्या बाईनं त्यो मांडीवर घिऊन मिरजंपास्नं आणला, तिच्यासाठी तुझं उपकार. ह्या भाकरीसाठी तुझं उपकार. आमेन."

रिबका मोठ्यानं आमेन म्हणाली. सुलाबाईनं तोंड उघडलं, पण एवढ्या हट्टी बाईच्या तोंडून तेवढा एक शब्द काही केल्या फुटेना.