समुद्र कुठल्या बाजूला

रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाचा समुद्र पश्चिमेला असतो आणि तो जन्मभर तिथेच राहतो, मग नवऱ्याच्या बदलीपायी चेन्नईला का जावं लागेना. बंगालचा उपसागर पूर्वेला आहे हे प्रमोदिनीबाईंना काय ठाऊक नव्हतं? तिसरीच्या वर्गाकडून त्यांनीच तर ते घोकून घेतलं होतं. पण ते डोक्याला ठाऊक, अंगाला नाही. राहायला पेरुंगुडीत, खिडकीसमोर काचेच्या कचेऱ्या. सूर्य कुठून आला न् कुठे गेला, बघतंय कोण.

मुख्याध्यापिका कनका मॅडम तंजावरच्या मराठी घरातल्या. मराठी जुन्या वळणाचं, त्यावर तमिळ हेल. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "तुमचा एक पाठ बघते. मग कायम करायचं की निरोप द्यायचा, ते ठरवते." ही नोकरी बाईंना जिवापाड हवी होती. तमिळ येत नाही म्हणून बाकीच्या शाळांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. ही पोरं मात्र त्यांच्या मोडक्यातोडक्या तमिळला खिदळत त्यांच्याच गळ्यात पडायची.

तेव्हा बाईंनी घाट घातला तोही दांडगा. नकाशा भिंतीवर कसला शिकवायचा, पायांनी शिकवायचा. शाळेची बस काढली आणि सगळी वरात चेन्नईजवळच्याच कोवलमच्या किनाऱ्यावर. आदल्या दुपारी त्यांनी तिथे वाळूत कडलै मिठाईचा, म्हणजे आपल्या चिक्कीचाच, डबा पुरला होता. मग समुद्राकडे तोंड करून नकाशा काढला होता: समोर पश्चिम, उजव्या हाताला उत्तर. मधोमध निळी होडी, तिच्या उत्तरेला पडकी भिंत, भिंतीपाशी फुली. वर झोकात उत्तरेचा बाण.

वर्गाचे दोन गट केले. अनयच्या गटाला होकायंत्र दिलं. पोरांनी निळ्या होडीपासून उत्तर धरली आणि धूम ठोकली ती थेट मासळीच्या लिलावात. भिंत सापडेना, म्हणून टोपल्यांखाली शोधली. मासळीवाल्या आधी ओरडल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. एकीने तर अनयच्या हातात चिक्कीऐवजी खेकडा दिला.

भव्याच्या गटाला होकायंत्र नव्हतं. त्यांनी कागदावरचा समुद्र खऱ्या समुद्राच्या बाजूला केला आणि चालू पडले. डबा लगेच हाती.

मग जुंपली. अनय म्हणाला, तुम्ही दक्षिणेला गेलात, हे फसवणं आहे. भव्या तोंडातली चिक्की चघळतच म्हणाली, डबा आमच्याकडे आहे. बाईंनी होकायंत्र पाहिलं, कागद पाहिला, समुद्र पाहिला. अख्खा किनारा उलटा काढून बसल्या होत्या की त्या. आता कुठली नोकरी नि कुठलं काय.

पाठ बघायला बसमधून आलेल्या कनका मॅडम छत्रीखालून चालत आल्या. "उत्तर कुठे, प्रमोदिनीबाई?"

झाकायचं तरी काय? बाईंनी सांगून टाकलं, आमच्याकडे समुद्र पश्चिमेला असतो, मी तसाच काढला. आणि उत्तर म्हणून हात वर केला तो, काय सांगावं, पुन्हा दक्षिणेलाच.

पोरं वाळूत लोळायची बाकी राहिली. मॅडमच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "बाईंना कोण शिकवतंय?"

सगळाच वर्ग धावला. कुणी कंबर धरली, कुणी ओढणी. सकाळी सूर्य समुद्रातून येतो ना मिस, मग उजवा हात समुद्राकडे. आता नाक जिकडे, तिकडे उत्तर. डोळे मिटून सांगा. कागदावरचा बाण खोडा, तो खाली काढा. अनयने खेकडा सांभाळत स्वतः खोडला. भव्याने तपासला. बाईंना चिखलट हातांनी गरगर फिरवून तिघातिघांनी परीक्षा घेतली. तिसऱ्या फेरीला हात बरोबर उत्तरेला गेला. भोवंडलेल्या बाईंना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

"आमच्या शाळेत पोरं आजवर दिशा पाठ म्हणायची," मॅडम म्हणाल्या. "उत्तर कुठे म्हणून आजच भांडली. सोमवारी ऑफिसात या, कायमचा कागद तयार ठेवते."

"पण मॅडम, माझा नकाशा तर चुकला."

"तुमचा चुकला. त्यांचा नाही ना चुकला?"