न परतवणारी बॅट

मित्रांनो, मी टेबल टेनिसची एक जुनी बॅट आहे. माझ्या एका बाजूचे रबर निघाले आहे आणि दुसऱ्या बाजूचे निघायच्या बेतात आहे. तरुणपणी मी चेंडू असा परतवायचे की समोरच्याला घाम फुटायचा. पुढे टेबलाचा पाय मोडला आणि मी सभागृहाच्या कपाटात धूळ खात पडले.

तिथून मला बाहेर काढले ते समुपदेशक ताईंनी. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा आधारगट तिथे भरतो. मनावर ओझे असलेली माणसे गोलाकार बसतात. पण पहिल्याच दिवशी एकाने तोंड उघडले की पाच जण सल्ले द्यायला पुढे! शेवटी ताईंनी मला उंच धरले.

"ज्याच्या हातात बॅट, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी अवाक्षर काढायचं नाही. मीसुद्धा नाही!"

निवृत्त कंडक्टरकाका मला वीस-वीस मिनिटे सोडत नसत. पित्तापासून सुरुवात करून साडूपर्यंत पोचत. त्यांच्या शेजारी बसणारे, घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळजी मात्र मला चटका बसल्यासारखे पुढे सरकवत. त्यांची बायको जाऊन वर्ष झाले होते. घरी ते आणि मुलगी दोघेच. आईचा विषय निघाला की दोघेही उठून कामाला लागत. आता मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली होती आणि बोलायला एकच आठवडा उरला होता.

त्या गुरुवारी त्यांनी मला गुपचूप पिशवीत टाकले. मी घाबरले. पण या वयातही कुणाला मला चोरावेसे वाटले, म्हणून जरा सुखावलेही!

घरी आरशासमोर मला धरून त्यांचा सराव सुरू झाला. "हे बघ, तुझी आई..."

"बाबा, बॅटशी काय बोलताय? बरं वाटतंय ना?" दारात मुलगी उभी.

घड्याळजींनी गडबडून मला तिच्या हातात कोंबले. "तू बोल. नियम आहे. मी मध्ये बोलणार नाही."

ती आधी खूप हसली. मग हसता हसता रडू लागली. "आईचे कपडे तुम्ही मला न विचारता देऊन टाकलेत. एक शालसुद्धा ठेवली नाहीत."

घड्याळजींनी उत्तर द्यायला तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि ते पुन्हा मिटले. तिचे बोलून होईपर्यंत ते गप्प बसले. पाळी आल्यावर म्हणाले, "शाल आहे गं. माझ्या उशीखाली. तू हसशील म्हणून सांगितलं नाही."

पुढच्या गुरुवारी आम्ही चाळीस मिनिटे उशिरा पोचलो. पाहतो तर सगळा गट चिडीचूप! बॅटच नाही, तर बोलणार कोण? ताई हातवारे करत होत्या. कंडक्टरकाका लालबुंद झाले होते.

घड्याळजी मला धरून उभे राहिले. "माफ करा. लेकीला गाडीत बसवून आलो. शाल पांघरून गेली."

मग मी काकांच्या हातात गेले. आता धरण फुटणार, असे मला वाटले. पण काका एवढेच म्हणाले, "बरं झालं हो," आणि त्यांनी मला पुढे दिले.

मित्रांनो, माझी उमर परतवण्यात गेली, म्हणून सांगते. घरात कुणी मनातले बोलू लागले, तर लगेच परतवू नका. आणि कधी सभागृहात आलात, तर माझ्या रबराला बोटभर गोंद लावा. मला घट्ट धरणारे हात हल्ली फार आहेत.