उसना रसिक

लखनौच्या मराठी मंडळात उल्हास पटवर्धनांना सगळे रसिक म्हणत. 'रसिकांना विचारा', असं कुणी म्हटलं की माना त्यांच्याकडे वळत. नवी कादंबरी कशी आहे, गाण्याची कुठली कॅसेट घ्यावी, अमुक सिनेमाला मुलांना न्यावं की नाही, हे सगळं त्यांना विचारायचं. मग पटवर्धन क्षणभर डोळे मिटत आणि असं काही वाक्य बोलत की ऐकणारा ते घरी जाऊन बायकोला सांगे. दिवसभर बँकेत कर्जाची प्रकरणं उपसणारा हा माणूस एवढं वाचतो कधी, याचं सगळ्यांना नवल वाटे. खरं म्हणजे तो वाचतच नसे.

वाचायची ती त्यांची बायको, लीलावती. विकास नगरातल्या एका दुमजली घराचा वरचा मजला त्यांच्याकडे होता, आणि दुपारी तो तिचा एकटीचा असे. नवरा बँकेत, मुलगी अनन्या कॉलेजात. भांडी आवरून झाली की थंडीत ती गच्चीवर सतरंजी टाकायची आणि उन्हाळ्यात कूलरसमोर बसायची. हाताशी पुस्तक, टेपरेकॉर्डर अगदी हळू आवाजात, आणि स्टीलच्या वाटीत अर्धी वाटी वाइन. ही वाइन घरचीच. मडगावला बदली होती तेव्हा शेजारणीकडून शिकून घेतलेली. दर वर्षी काळी द्राक्षं आली की ती चिनी मातीची बरणी भरायची आणि फडक्यानं तोंड बांधून माळ्यावर ठेवायची. ग्लासात का नाही, तर खालच्या मजल्यावरच्या मिश्राबाई कधीही मीठ मागायला वर येत. ग्लास दिसला असता तर मराठीण दारू पिते म्हणून सेक्टरभर बोभाटा झाला असता, वाटी दिसली तर औषध. निशातगंजच्या दुकानातून भाड्यानं आणलेला सिनेमाही ती दोन दिवसांत पाही, आज मध्यंतरापर्यंत आणि उरलेला उद्या. कारण मध्येच सब्जीवाला भैया यायचा, नाहीतर लाइट जायची. तेही तिला आवडे. उद्या काय होईल याचा विचार करत भाजी चिरायला मिळे.

संध्याकाळी पटवर्धन आले की चहाबरोबर ती त्यांना हे सगळं सांगायची. याची सुरुवात फार जुनी. लग्नानंतर आडगावच्या एका शाखेत ते होते. घरी येईपर्यंत डोकं ठणकत असायचं. तिथं करमणूक म्हणून दुसरं काही नव्हतंच. तिनं एकदा सहज, वाचलेली गोष्ट सांगितली आणि ऐकता ऐकता त्यांच्या हातातला चहा निवून गेला. मग रोजचंच झालं ते. ती वर्षं सुखाची होती, हे लीलावतीनं कधी नाकारलं नाही.

बिघडलं ते लखनौला आल्यावर. मंडळात कुणाशी तरी बोलताना पटवर्धनांनी तिचं एक वाक्य सहज फेकलं. वाहवा झाली. दुसऱ्यांदा फेकलं, पुन्हा झाली. 'यंदाची वाइन जरा चिडकी झालीय' हे तिचंच वाक्य त्यांनी तिच्यासमोर मंडळातल्या पाहुण्यांना ऐकवलं, तेव्हा तिला हसू आलं होतं. पुढं पुढं हसू येईना. नवरा भाव खातो याचं तिला एवढं काही वाटत नव्हतं. नवरे खातातच. पण आता पुस्तकं तेच आणू लागले. अमक्याला याच्यावर माझं मत हवंय, रविवारपर्यंत होईल ना तुझं? नाही आवडलं तर पुस्तक मिटून ठेवायची सोय राहिली नाही. आवडलेलं पान पुन्हा पुन्हा वाचावं, तर रविवार जवळ आलेला. वाचता वाचता आता तिचं मन आपोआप संध्याकाळची वाक्यं जुळवू लागे, आणि दुपारच्या तिच्या त्या दोन तासांना ऑफिसचा वास यायला लागला. लीलावती दमली होती. घरकामानं नव्हे, त्याची सवय होती. ज्या एका गोष्टीनं तिचा शीण जायचा, तिचाच आता शीण येत होता. तिला एकच हवं होतं. कुणालाही सांगावं न लागता एक पुस्तक वाचायला मिळावं.

त्या जानेवारीत एका रविवारी मंडळाचा वर्धापनदिन होता. अध्यक्ष भास्करराव घाटे यांनी ठरवलं की या वेळी नाच-गाणी पुरे, रसिकांनी एका नव्या कादंबरीवर तासभर बोलावं. मुंबईच्या गाडीनं येणाऱ्या कुणाबरोबर तरी पुस्तक मागवलं गेलं आणि पटवर्धन स्वतः भर धुक्यात स्कूटरनं चारबाग स्टेशनवर जाऊन ते घेऊन आले. उशीएवढं जाड होतं. तीन पिढ्यांचं घराणं, घरात सगळे सज्जन, आणि मीनाक्षी नावाची सून त्या सगळ्यांचं करता करता पानोपानी अधिकच सोशिक होत चाललेली.

लीलावतीनं प्रामाणिकपणे निम्मं वाचलं. मीनाक्षी सासऱ्यांसाठी तिसरं व्रत धरते तिथं तिचे डोळे मिटायला लागले. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर पुन्हा मिटले. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तक उघडलंच नाही, नुसती उन्हात पडून राहिली. संध्याकाळी ती मटार सोलत होती तेव्हा पटवर्धनांनी चहा हातात घेऊन विचारलं, मग पुढं काय होतं मीनाक्षीचं?

वाचलं नाही, असं सांगणं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग पुढचे दोन दिवस तेच पुस्तक घेऊन बसणं आलं. ते तिच्या इतकं जिवावर आलं की तिनं शेंगेतले दाणे ताटात पाडत सांगायला सुरुवात केली. मीनाक्षी एक दिवस भर दुपारी स्वयंपाकघराला कुलूप लावते. स्टेशनजवळ एक खोली भाड्यानं घेते आणि आतून कडी लावून बसते. काही करत नाही, नुसती बसते. मग घरचे एकेक जण येतात. सासू विचारते, हिंगाची डबी कुठाय. दीर विचारतो, माझ्या दाखल्याची फाइल कुठं ठेवलीस. नवरा येतो आणि बराच वेळ काहीच न विचारता उभा राहतो, कारण आपल्याला काय सापडत नाहीय हेच त्याला कळत नसतं. मीनाक्षी सगळ्यांना खिडकीतून नीट उत्तरं देते. दार मात्र उघडत नाही.

सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण मटार सोलायचे थांबलो आहोत. पटवर्धनांचा चहा निवून गेला होता.

ते फिरायला बाहेर पडल्यावर आतून सगळं ऐकलेली अनन्या पुस्तक हातात घेऊन आली. तिला मराठी सगळं कळे, पण ती बोले हिंदीच. ती म्हणाली, "मम्मी, बुकमार्क तो बीच में ही अटका है. ये सब तो आपने बनाया न?" लीलावतीनं मान हलवली. रविवारच्या आत बाबांना सांगते, असंही म्हणाली. पण शुक्रवार गेला, शनिवार गेला. पटवर्धन खोलीत येरझाऱ्या घालत भाषणाची तयारी करताना तिला ऐकू येत होते. हिंगाच्या डबीशी त्यांचा आवाज खाली यायचा. तिचं धाडस झालं नाही. आणि खरं सांगायचं तर तिला ते भाषण ऐकायचंही होतं.

निशातगंजातल्या एका शाळेचा हॉल मंडळाला मिळाला होता. शाली-मफलरांत गुरफटलेली पन्नासेक मंडळी जमली. पटवर्धन चांगलं बोलत, यात वादच नाही. पहिला अर्धा तास लोकांनी अदबीनं ऐकला. मीनाक्षीनं खोलीची कडी लावली आणि सगळा हॉल गप्प झाला. हिंगाच्या डबीला बायका हसल्या, आणि नवरा काही न विचारता उभा राहिला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. लीलावती चौथ्या रांगेत बसली होती. भीती तर होतीच, पण तिला भयंकर आनंदही झाला होता. आपण रचलेल्या बाईसाठी एवढी माणसं श्वास रोखून बसली आहेत, हे सुख तिनं आयुष्यात पहिल्यांदा चाखलं. टाळ्या पटवर्धनांना मिळाल्या.

चहाच्या वेळी सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले होते. तेवढ्यात रेल्वेतल्या श्रीरंग दात्यांची बायको अरुणा पुढं आली. गेल्याच महिन्यात ही मंडळी पुण्याहून बदलून आली होती. अरुणा बिचारी सरळ मनाची होती. ती म्हणाली की तिनं ही कादंबरी पुण्यातच वाचली, पण तिच्या आठवणीप्रमाणे मीनाक्षी घर सोडतच नाही. शेवटी सासरे तिच्या डोक्यावर हात ठेवतात आणि पुस्तक संपतं. वेगळी आवृत्ती आहे का ही?

पटवर्धनांचा चेहरा पडला. भास्करराव त्यांच्याकडे बघत होते, सगळेच बघत होते. पटवर्धनांनी इकडे तिकडे पाहिलं, त्यांना लीलावती दिसली, आणि ते घाईघाईनं हसून म्हणाले, "अहो, मला कुठला एवढा वेळ. ही वाचते आणि मला सांगते. हिच्याच वाचण्यात काहीतरी घोळ झालेला दिसतो."

माना लीलावतीकडे वळल्या. इतक्या वर्षांत तिच्या वाचनाचा मंडळात झालेला हा पहिला उल्लेख. तिला लाज वाटली, मग राग आला, आणि मग त्या दोन्हीचाही थकवा आला. घोळ माझाच, असं तिनं अरुणाला शांतपणे सांगितलं आणि रिकामे कप गोळा करायला लागली.

स्कूटरवरून दोघं घरी आली. पटवर्धन लवकर झोपले, किंवा झोपल्यासारखे पडून राहिले.

सोमवारी सकाळी डबा भरून झाला, बूट घालून झाले, तरी ते दारातच घुटमळत राहिले. अनन्या केव्हाच कॉलेजला गेली होती. लीलावती ओटा पुसत होती.

"काल तुझं नाव घ्यायला नको होतं मी," ते म्हणाले.

"घ्यायला हवं होतं," ती म्हणाली. "फक्त काल नको होतं."

स्कूटरची किल्ली या हातातून त्या हातात करत त्यांनी विचारलं की मग अरुणाबाई म्हणतात तोच पुस्तकातला शेवट का? माहीत नाही, असं तिनं सांगितलं. तिनं निम्मंच वाचलं होतं. कंटाळा आला म्हणून सोडून दिलं, आणि इथून पुढं कंटाळा आला की ती पुस्तक असंच सोडून देणार होती, रविवार असो नाहीतर वर्धापनदिन. मंडळाला ज्याला काही सांगायचं असेल त्यानं स्वतः वाचावं.

"मग ती खोली? ते हिंगाचं, नवरा येऊन उभा राहतो ते?"

"ते माझं."

बँकेला उशीर होत होता आणि पटवर्धन हलत नव्हते. मग त्यांनी जरा चाचरतच विचारलं, "लीला, शेवटी दार उघडते का गं ती?"

तिनं वळून पाहिलं. मंडळासाठी नव्हतं ते विचारणं. भास्कररावांसाठीही नव्हतं. आडगावच्या त्या घरात चहा निववत ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो, आणि तो पाहून तिला भरून आलं. उत्तर तिला ठाऊक होतं. हॉलमध्ये चौथ्या रांगेत बसल्या बसल्याच तिला ते सुचलं होतं, आणि फार सुंदर होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुम्हाला नाही सांगणार."

ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग जिना उतरून गेले. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा लीलावतीनं हात पुसले आणि आतून कडी लावली.